जोडीचा अर्ज

मी क्षमाशील बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवायला नको.

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीने उभे राहतात. एकच अर्ज, त्यावर दोन नावं, दोन सह्या. एक मेडनहेडच्या बाजूचा, एक बेसिंगस्टोकच्या बाजूचा, म्हणजे कार्यक्रम कुठे करायचा यावरून वर्षभर भांडणं नकोत. त्यामुळे अध्यक्षपदाला उभं राहणाऱ्याला आधी जोडीदार शोधावा लागतो, आणि अध्यक्ष कोण होणार यापेक्षा तो बरोबर कुणाला घेणार यावरच आमच्याकडे जास्त गॉसिप चालतं.

त्या वर्षी आमचा एक मित्र उभा राहणार होता. मेडनहेडला राहणारा, आयटीत डायरेक्टर, बोलायला महागोड. नऊ वर्षं आम्ही कमिटीत बरोबर होतो. म्हणजे तो स्टेजवर माइक घेऊन आणि मी मागे. हॉलचं बुकिंग, कौन्सिलच्या परवानग्या, फायर अलार्म वाजू नये म्हणून उदबत्ती कुठे लावायची, सगळं माझ्याकडे. सदस्यांची यादीही माझ्याकडेच. दिवाळीच्या कार्यक्रमानंतर मी हॉलच्या किचनमध्ये पातेली घासत होते, तेव्हा तो आत आला आणि म्हणाला, "मी उभा राहतोय. आणि उपाध्यक्ष तू. दुसरं कुणी माझ्या डोक्यातच नाही." मी ओल्या हातानेच त्याला टाळी दिली.

खोटं कशाला बोलू, मला ते पद हवं होतं. ऑफिसात मी टेस्टिंगची टीम सांभाळते, आणि मी शिकवलेली तीन पोरं माझ्या डोक्यावरून वर गेली आहेत. निदान इथे तरी कुणीतरी माइकवरून माझं नाव घ्यावं, एवढीच हौस. नवऱ्याला सांगितलं. आईला फोनवर सांगितलं. आईने चिंचवडच्या अख्ख्या सोसायटीला सांगितलं.

जानेवारीत एका शनिवारी दुपारी तो बेसिंगस्टोकला आमच्या घरी आला. मी थालीपीठं लावली होती. तिसरं थालीपीठ लोण्याबरोबर संपवून त्याने फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. "जरा सल्ला हवाय तुझा. उपाध्यक्षाचं फायनल करायचंय."

चार नावं होती. माझं नव्हतं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, डॉक्टर तयार झालेत! ग्लासगोहून इकडे बेसिंगस्टोकला राहायला आलेत ते, हार्ट सर्जन. असं नाव अर्जावर असलं की वजन पडतं. पण मी एकट्याने ठरवलं असं कमिटीला वाटायला नको. तू चारही नावांचे प्लस-मायनस लिही आणि शेवटी डॉक्टरांची शिफारस कर. तू लिहिलंस की कुणी प्रश्न विचारत नाही."

"आणि मी?"

तो हसला. खरंच हसला मेला. "तू तर घरचीच आहेस. तुला पद कशाला हवंय? आणि तुला स्टेजवर बसवलं तर मागचं सगळं कोण बघणार?"

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या तोंडाला पानं पुसली ती पुसली, वर माझ्या जागी बसणारा माणूसही माझ्याच हातून निवडून घ्यायचा! आणि मी काय केलं? त्याला चौथं थालीपीठ वाढलं. म्हटलं, "डॉक्टरांनाच घे. बेस्ट."

कारण ते वाढता वाढता मला यादी आठवली होती.

आमच्या घटनेत एक नियम आहे. फॅमिली मेंबरशिपमध्ये ज्याचं नाव पहिलं, त्यालाच निवडणूक लढवता येते. नवरा-बायको दोघांनी मिळून कमिटी काबीज करू नये म्हणून. हा नियम त्याचाच. पण दोन वर्षांपूर्वी सदस्यत्व ऑनलाइन झालं आणि सगळ्यांनी नवे फॉर्म भरले. सगळ्यांनी म्हणजे बायकांनी. आमचे पुरुष ऑफिसात कोट्यवधींची कंत्राटं करतील, पण शाळेचा फॉर्म, दवाखान्याचा फॉर्म, मंडळाचा फॉर्म बायकोनेच भरायचा. आणि जी फॉर्म भरते ती आधी स्वतःचं नाव घालते. त्याच्या घरचं पहिलं नाव त्याच्या बायकोचं होतं. नियम करणाऱ्या या महाभागाला दोन वर्षांत ते एकदाही बघावंसं वाटलं नव्हतं.

अर्जाची मुदत संपेपर्यंत ते बदलता येत होतं. मला एक मिनिट लागलं असतं. मला बरोबर घेतलं असतं, तर त्याला न सांगताच मी ते करून टाकलं असतं, जसं नऊ वर्षं त्याचं सगळं निस्तरत आले तसं. आता म्हटलं, बस बोंबलत.

पुढचे तीन आठवडे माझे फार सुखात गेले. व्हॉट्सॲपवर रोज त्याचा आणि डॉक्टरांचा एक फोटो यायचा. मी प्रत्येकाला अंगठा दिला. एकदा तर फुलंसुद्धा पाठवली. नवरा म्हणाला, "तू इतकी शांत? मला भीती वाटतेय."

पण नुसता अर्ज बाद होऊन माझं समाधान होणार नव्हतं. त्या रिकाम्या खुर्चीत मला बसायचं होतं. आता उपाध्यक्ष नाही, अध्यक्षच. त्यासाठी मला मेडनहेडचा जोडीदार हवा होता, आणि मी जेव्हा नावांचा विचार करायला बसले तेव्हा एकच नाव सुचलं. त्याची बायको. पहिलं नाव तिचंच, म्हणजे तिला उभं राहता येत होतं. त्याच्याच घरातून, त्याच्याच नाकावर टिच्चून!

ती एका फार्मसीत काम करते. कमी बोलणारी, त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी. मी तिला गरीब गाय समजत होते. मुदतीच्या आदल्या दिवशी तिच्या लंच ब्रेकमध्ये मी तिला स्टेशनजवळच्या कॅफेत गाठलं. तिला हळूहळू समजावून सांगायचं, रडली तर धीर द्यायचा, अशी सगळी तयारी करून गेले होते.

"माझ्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून उभी राहशील?" मी विचारलं.

तिने सँडविचचे दोन तुकडे केले. "याचा अर्ज बाद होणार आहे ना?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"फॉर्म मी भरलाय. तो नियमही मीच टाइप केलाय. तो सांगत होता आणि मी टाइप करत होते." ती शांतपणे खात होती. "महिनाभर रोज जेवताना मला विचारतो, डॉक्टर कसे वाटतात, अमका कसा वाटतो. मी म्हणते, छान. मी उभा राहू का, तुला चालेल का, हे एकदाही विचारलं नाही. तेवीस वर्षांत कशालाच नाही विचारलं."

"मग ये माझ्याबरोबर."

"येते. पण अध्यक्ष मी."

"काय?"

"तुला उपाध्यक्ष व्हायचं होतं ना? मग हो की. मला त्याच्या जागेवर बसायचंय." तिने घड्याळ बघितलं. "मला दहा मिनिटांत परत जायचंय. सही करायची तर कर."

अगं बाई! उठून जावं असं फार वाटलं. पण तिच्याशिवाय जोडी नव्हती, आणि जोडीशिवाय त्याची पुरती जिरणार नव्हती. मी खालच्या ओळीवर सही केली.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये छाननी झाली. निवडणूक अधिकारी म्हणजे आमच्यातले एक निवृत्त काका. मी त्यांच्यापुढे यादी ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पान उलटलं, परत उलटलं. "अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव सदस्यत्वात पहिलं नाही. घटनेप्रमाणे अर्ज बाद. जोडीचा अर्ज असल्यामुळे दोघांचाही."

"मग मी निघू का?" डॉक्टरांनी विचारलं आणि ते कोट घालून निघालेसुद्धा.

मग काकांनी दुसरा अर्ज वाचला. आधी त्याच्या बायकोचं नाव, मग माझं. तिसरा अर्जच नव्हता, म्हणजे आम्ही बिनविरोध. मला जे जे बघायचं होतं ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर आलं. लाल कान, उघडं तोंड, कपाळावर घाम. पण ते सगळं तिच्यासाठी होतं. तो तिच्याकडेच बघत होता. माझ्याकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

मला ते सहन होईना. कार पार्कमध्ये मी त्याला गाठलं. "मला माहीत होतं," मी म्हटलं. "माझ्याकडे जेवायला बसला होतास ना, त्याच दिवसापासून. मी मुद्दाम नाही सांगितलं. ऐकलंस? मुद्दाम!"

त्याने थकलेल्या चेहऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. तुझा काय दोष? तू बिचारी यादी सांभाळतेस. हे सगळं तिचं डोकं आहे."

तो गाडीत बसला, काच वर केली आणि हीटर लावून बायकोची वाट बघत राहिला.

"माझं डोकं आहे!" मी काचेवर थापा मारत ओरडले. "माझं!"

त्याला वाटलं मी बाय म्हणतेय. त्यानेही आतून हात हलवला.