खळाळाचा फोटो

दसरा झाला की आमच्या रानाखाली कृष्णेचं पाणी उतरतं. पावसाळाभर गढूळ पाण्यात बुडालेले काळे धोंडे वर येतात आणि त्यांच्यामधून पाणी फेसाळत, आदळत खाली पळतं. त्या जागेला आम्ही खळाळ म्हणतो. माझ्या बायकोनं उभा जन्म तिथं धुणं धुतलं. घरात नळ आला तरी तिथंच. ती आटपाडीकडची. तिच्या बापाची मेंढरं होती आणि पाणी म्हणजे विहिरीच्या तळाला दिसेल तेवढं. लग्न होऊन आली, पहिल्यांदा खळाळ बघितला आणि मला म्हणाली, "एवढं पानी फुकट चाललंय आन् कुनी आडवत न्हाई व्हय?"

गेल्या आषाढात ती न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. खाटेवरून हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दसरा झाल्यावर ती रोज विचारायला लागली.

"आवं, खळाळ दिसाय लागला का?"

"लागला."

"कसा हाय?"

आता कसा आहे हे सांगायला मी काय कीर्तनकार आहे? मी चौथी शिकलेला गडी. पलटणीत गाडी चालवली, मग ऊस केला. म्हटलं, "थांब. तुला आणूनच दावतो."

आमचं पोरगंही पलटणीतच आहे. सुट्टीला आलं तेव्हा त्याचा कॅमेरा कपाटात ठेवून गेलं होतं. फोनवर म्हणालं, "आबा, मोबाइलवर व्हिडिओ काढा की, सोपं पडंल. न्हाईतर कॅमेऱ्याचं सांगतो, लिहून घ्या." मी फोन ठेवला. बर्फातून लॉरी नेलेल्या माणसाला बटण दाबायला कुणी शिकवायचं?

पहिले फोटो उन्हात काढले. पाण्याचा एकेक थेंब हवेत थबकलेला, काच फुटून उडावी तसा. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवरच तिला दाखवले. ती म्हणाली, "ह्ये पानी उभं हाय. मेल्यागत."

मला राग आला. पण खोटं नव्हतं.

मग रोज दिवस उगवायच्या आधी जायला लागलो. धुकं असायचं, पाय बधिर व्हायचे. कॅमेऱ्यावरची चक्री एकेक घर फिरवत बसलो. एका घरावर बटण दाबलं की कॅमेरा लगेच मिटत नव्हता, क्षणभर डोळा उघडा ठेवायचा. हातात धरला की पाण्याबरोबर धोंडेही हलायचे. म्हणून धोंड्यावर टॉवेलची घडी घातली, तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि श्वास रोखून बटण दाबलं. आठव्या दिवशी जमलं. धोंडे जागच्या जागी आणि त्यांच्या मधून पांढरंशुभ्र, मऊ पाणी ओघळलेलं.

एसटीनं साताऱ्याला गेलो. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, लय भारी काढलाय. शिकवलं कुणी?"

"शिकवाय मी काय बालवाडीत हाय?"

ताटाएवढा मोठा करून आणला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग त्याच्यावरून तळहात फिरवला.

"लोकर," ती म्हणाली.

"अगं, खळाळ हाय त्यो."

"आसूं द्या. पर लोकरच हाय. मेंढरं कातरली की आमी धोंड्यावर अशीच पसरायचो." फोटो तिनं उशाशी ठेवला. मग म्हणाली, "मला एकदा आटपाडीला न्या."

आटपाडीत मी चौतीस वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाच्या लग्नात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले आणि मला, थोरल्या जावयाला, विसरले. गर्दी होती, चूक झाली असेल. मी भरल्या ताटावरून उठलो. नवरदेव हळदीच्या अंगानं मागं पळत आला. "दाजी, चुकलं, माघारी चला," म्हणाला. मी वळून बघितलं नाही. पुढं मी बायकोला सांगायचो, तुला जायचं तर जा, मी काय अडवत नाही. पण नवऱ्याचा मान जिथं गेला तिथं ती एकटी जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिला म्हटलं, "ऊस तुटू दे, मग बघू."

"मी काय ऊस तुटंस्तवर ऱ्हातीय? फोन तरी लावून द्या. आवाज ऐकते त्याचा."

मेव्हण्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. पोरानंच घालून दिलेला. मी मोबाइल हातात घेतला, कानाला लावला, आणि म्हणालो, "लागत न्हाई." मी बटण दाबलंच नव्हतं. आधी त्यानं करावा, असं माझ्या मनात. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटतं, तिला कळलं होतं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी चहा घेऊन गेलो तर ती गेलेली होती.

आमच्यात बाई गेली की माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. पोरानं तिकडूनच मामाला फोन केला. अंगणात माणसं गोळा होऊन बसली होती, आणि चौतीस वर्षांत मी ज्याला बोलावलं नाही त्याची वाट बघत मी उंबऱ्याशी उभा होतो.

दुपारी दोनला तो आला. काखेत पिशवी. केस पांढरे झालेले. मी आधी ओळखलंच नाही. त्यानं हिरवं लुगडं काढून बायकांच्या हातात दिलं आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"कवापासनं पडून व्हती, दाजी?"

"आषाढापासनं."

त्यानं बोटांवर महिने मोजले. मग विचारलं, "माझं नाव काढलं का कवा?"

"रोज," मी म्हणालो.

फोनचंही सांगणार होतो. तोंड उघडलं, पण आत बायकांनी तिला लुगडं नेसवायला घेतलं होतं आणि एकदम रडणं उसळलं. ते जरा ओसरल्यावर तोच बोलला, माझ्याकडं न बघता.

"आटपाडीवरनं साताऱ्याला थेट गाडी हाय, दाजी. मला आज कळलं. मीबी कवा इचारलं न्हाई."