वैनींची गाडी

“जायचंय कुणाला?”

जुनी गाडी घेण्याबद्दल कुणीही सल्ला मागितला की भाऊंचा हा पहिला प्रश्न असायचा. तो विचारताना ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत. समोरचा जितका येडा, तितका चष्मा जास्त वेळ पुसला जाई. माझ्या वेळी तर काचा झिजतात की काय असं वाटलं.

आळीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची बस त्यांनी आयुष्यभर चालवली आणि निवृत्त होऊन ते रत्नागिरीला आमच्या शेजारी राहायला आले. मी भूगोलाचा मास्तर. सगळा भारत फिरलो, पण छडीने, फळ्यावर टांगलेल्या नकाशात. निवृत्तीनंतर ठरवलं की आता खरा बघायचा, आणि हिला घेऊन. ही, म्हणजे माझी बायको, चौतीस वर्षं प्रत्येक सहलीला “तुम्ही जाऊन या” एवढंच म्हणत आली होती. मला वाटलं, हिला घर सुटत नाही. तर मग घरच चाकांवर घेऊ! झोपायला, रांधायला जागा असलेली जुनी कॅराव्हॅन. एकदा तरी हिला गाडीत बसवायचंच, एवढाच माझा हट्ट.

“जायचंय कुणाला?” भाऊंनी विचारलं.

“मला. म्हणजे, हिला. म्हणजे, आम्हाला.”

भाऊंनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

माझा जीव जडला होता तो एका भल्यामोठ्या बसवर. हातखंब्याला विकायला उभी होती. आत सोफा, पडदे, न्हाणीघर, छताला दिवे. भाऊंनी बसची काही तारीफ केली नाही. तिची रुंदी सुतळीने मोजली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढाच बांबू तोडून माझ्या दारात हजर.

“धरा एक टोक, मास्तर. ही तुमची बस.”

बांबू आडवा धरून आम्ही दोघे आळीतून निघालो. समोरून येणाऱ्या जोशीकाकूंनी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि हळूच विचारलं, “कोण गेलं ओ?”

“अजून कोण नाय,” भाऊ म्हणाले. “मास्तर बस घेतायत.”

तिसऱ्या घराच्या दगडी गडग्यापाशी बांबू दोन्हीकडून अडकला. मी म्हटलं, गडगा थोडा आत घेता येईल का? गडग्याच्या मालकाने आतून जे उत्तर दिलं ते भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. बस बाद झाली.

मग दुसरं टोक गाठलं. मागच्या हौद्यावर खोली बसवलेला पिकअप. आळीत सहज शिरत होता. बिछाना ड्रायव्हरच्या डोक्यावर, चढायला लोखंडी शिडी. मी ऐटीत चढलो, आडवा झालो आणि “मस्त आहे!” म्हणून उठून बसलो. छत होतं तिथेच होतं.

“वाजलं काय ते?” खालून भाऊ.

“काही नाही.”

“बरं. आता वैनी तिथे कशा चढतील ते सांगा, मग उतरा.”

मला सांगता आलं नाही आणि उतरताही आलं नाही. शेवटी भाऊंनी माझे पाय धरून एकेक पायरीवर ठेवले.

तिसरी मात्र मधल्या मापाची मिळाली. व्हॅन, उभं राहता येईल एवढी उंच. आत मोगऱ्याचा घमघमाट. मालकाने संडास काढून त्या जागी मोठा फ्रीज बसवला होता. मी म्हटलं, वा! आंब्याच्या पेट्या राहतील. शब्द देणार, तेवढ्यात भाऊंनी बाही ओढली. गाडीखाली तीन मांजरं बसली होती.

“भटकी आहेत ओ,” मालक म्हणाला.

“होय ना. पण बाजूला चार गाड्या उभ्या हायत. त्यांच्याखाली का नाय?”

भाऊ आडवे होऊन खाली शिरले आणि त्यांनी पेचकस टोचला. तो पापडात घुसावा तसा पत्र्यात घुसला. गाडीने कितीतरी वर्षं मिरकरवाडा बंदरातून मासळी वाहिली होती. बर्फाचं खारट पाणी तिची हाडं खाऊन गेलं होतं, आणि मोगरा मला फसवू शकला तरी मांजरांना काही फसवू शकला नव्हता.

त्या संध्याकाळी भाऊ आमच्या ओटीवर चहाला बसले. मी करवादलो होतो. “जाऊ दे. हिला नाहीतरी प्रवासाची आवड नाही.”

भाऊंनी चष्मा काढला नाही. सरळ आत बघून विचारलं, “वैनी, तुम्हाला जायचंय?”

आत भांड्यांचा आवाज थांबला. “जायचंय हो, भाऊ. पण वाटेत...” आणि भांडी पुन्हा वाजू लागली.

भाऊंनी मान हलवली. मग मला म्हणाले, “लोट्याला माझ्या बसला पहिल्या पाळीच्या बायका असायच्या. सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसत. वाटेत जायचं कुठे? मला कळायला चार वर्षं लागली. मग वाटेवरची दोन घरं ठरवली, तिथे बस थांबायची. तुम्हाला किती लागली, मास्तर?”

चौतीस. लग्नानंतर गणपतीपुळ्याला जातानाही तिने चहा नको म्हटलं होतं, आणि मी तिचा कप पिऊन टाकला होता.

चौथी गाडी भाऊंनीच शोधली. रंग शेवाळी, ना सोफा ना पडदे. पण तळ शाबूत, आणि मागे एक छोटा संडास, आतून कडी लागणारा. पारख करायला भाऊ स्वतः आत बसले, कडी लावली आणि मला गतिरोधकांवरून गाडी न्यायला सांगितली. प्रत्येक धक्क्याला आतून आवाज यायचा, “टिकतंय! अजून जोरात!” नाक्यावरचे रिक्षावाले उठून उभे राहिले.

मग त्यांनी दाराखाली एक बुटकी पायरी जोडली आणि हिला बोलावून, तिचा हात जिथे पोचला तिथे दांडा ठोकला. माझा हात मोजलाच नाही.

निघायच्या आठवड्यात त्यांची मुलगी त्यांना तपासणीसाठी पनवेलला घेऊन गेली. “दोन दिवसांत येतो. तोवर हवा तपासा,” म्हणाले. आलेच नाहीत. त्यांच्या दहाव्याला जाऊन आल्यावर मी गाडी विकायला काढली. ही म्हणाली, “विकायची नाही. मला जायचंय.”

आंबा घाट चढून वर आलो, टपरीपाशी गाडी थांबवली. ही दांडा धरून उतरली, बाकावर बसली, धुक्यात बघत चहा प्यायली आणि कप पुढे करून म्हणाली, “अजून एक.”

मी कप घेऊन टपरीवर गेलो. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ज्यांना सांगायचं ते नव्हते, म्हणून चहावाल्याला सांगितलं, “हिने दुसरा चहा मागितला.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “मग?”