पदराची उलटी बाजू

येवल्याची एसटी नाशिकच्या स्टँडवरून सुटली आणि मला उगाचच हसू यायला लागलं. शेजारी अनोळखी बाई होत्या, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून हसले. पिशवीत शांतता घडवण्यावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं, तीन दिवसांत दोनदा वाचलेलं. त्यात वर्षानुवर्षं एकमेकांवर बंदुका रोखलेली गावं शेवटी एका पंगतीला बसतात. मग माझी आई आणि मावशी का नाही बसणार?

दोघी सख्ख्या बहिणी. ताईच्या लग्नापासून, म्हणजे दोन वर्षं, अबोला. का, ते आईलाही माहीत नव्हतं. "तिलाच विचार," एवढंच ती म्हणायची. विचारलं मात्र कोणीच नाही. उद्या ताईचं डोहाळजेवण होतं. मावशीने त्याला यावं, एवढ्यासाठी मी निघाले होते. आईला सांगितलं होतं, मैत्रिणीकडे चालले.

निफाडपर्यंत द्राक्षबागा पळत होत्या. शेजारच्या बाईंनी पुस्तकात डोकावून पाहिलं.

"काय वाचती गं एवढं?"

"भांडणं कशी मिटवायची, ते."

"मंग आधी माझ्या घरी चल. दोन सुना हायेत!"

पुढची तीन बाकं हसली. माझे कान तापले, पण मनातून मला भारी वाटलं. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांत गाडी अडकली. वाऱ्याने एक गुलाबी साल खिडकीतून आत आलं आणि बरोबर पाचव्या प्रकरणात बसलं. मी ते खूण म्हणून तिथेच ठेवलं.

येवल्यात मावशीची गल्ली मागांच्या खटखटीवरूनच सापडते. मावशी मागावर बसली होती. मला पाहून तिने पहिला प्रश्न विचारला, "अगं बाई, रेवा! कोण गेलं?"

"कोणी नाही. सहज आले."

"सहज कोणी येवल्याला येतं होय? हातपाय धू, जेवून घे."

बाजरीची भाकरी आणि ठेचा. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी. "इंग्लिश मीडियमची जीभ!" म्हणत मावशीने गूळ पुढे केला.

पुस्तकाने बजावलं होतं की मध्यस्थाने कमी बोलावं आणि पुष्कळ ऐकावं. आयुष्यात पहिल्यांदाच माझा घुमेपणा कोणाच्या तरी कामाचा होता. पण एक प्रश्न तर विचारावाच लागणार होता. मी तो तीनदा गिळला. जेवणानंतर मावशी पुन्हा मागावर बसली, तेव्हा चौथ्यांदा तो बाहेर आला.

"मावशी, लग्नात काय झालं होतं गं?"

माग थांबला.

"पाच महिने बसले होते मी तुझ्या ताईच्या पैठणीवर. आन् तुझ्या आईनं भर मांडवात, विहीणबाईंसमोर, पदर उलटा करून पाहिला. मशीनची हाय का, ते बघायला! सख्ख्या बहिणीच्या हाताची पारख?"

(हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मशीनच्या पदराला मागे धागे सुटलेले असतात.)

मी त्या वेळी आईच्या शेजारीच उभी होते, हातात अक्षतांचं तबक घेऊन. पुस्तक म्हणत होतं, मध्यस्थाने निवाडा देऊ नये. मी पुस्तक मिटलं.

"तेव्हा तू कुठे होतीस?"

"पार तिकडं, पंगतीपाशी."

"म्हणजे तुला ऐकूच आलं नाही. आई विहीणबाईंना म्हणत होती, 'यातली उलटी बाजू शोधून दाखवा! माझ्या सुमीचा हात आहे हा!' त्यांना नाहीच सापडली."

मावशी एक धागा बोटांत वळत राहिली.

"मंग हे तिनं मला का नाय सांगितलं?"

"तू का रुसलीस, ते तिला कुठे माहीत आहे?"

मावशीचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण ती हसत होती. "दोन वर्षं! येडीच हाय मी," डोळे पुसत ती उठली. "गाडी कितीची? थांब, ओटीला खण घेऊ दे."

परतीला खिडकी तिने घेतली. विंचूरला म्हणाली, "पण आधी आक्कानं बोलायचं." निफाडला म्हणाली, "बरं, मी बोलेन. एकच वाक्य." नाशकात, सातपूरच्या आमच्या कॉलनीत शिरलो, तेव्हा ती खणाची घडी पुन्हापुन्हा सारखी करत होती.

आईने दार उघडलं. अंगात गाऊन, खांद्यावर ओढणी. मावशीने हळूच ओढणीचं टोक धरलं, उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं.

"मशीनची हाय, आक्का."

"असणारच," आई म्हणाली. "हाताने विणणारी रुसून बसली होती ना. आत ये, मेले!"

मग दोघी एकदम बोलायला लागल्या त्या थांबेचनात. चहा मलाच करावा लागला, आणि मी तो नाचत केला.

पुस्तकात पदराचं प्रकरण नाही. पण मला येवल्याला नेलं ते त्यानेच. आम्हाला विचारायला दोन वर्षं लागली. बाकीचं सगळं एसटीच्या एका फेरीत झालं. कांद्याचं साल अजून पाचव्या प्रकरणात आहे. पुस्तक उघडलं की वास येतो, आणि मला पुन्हा हसू येतं.