मेहंदीसाठी राखलेलं लॉन

आमच्या लॉनमध्ये पहिलं बीळ दिसलं तेव्हा मी ते बुटाच्या टाचेने दाबून टाकलं आणि घरात कुणाला बोललो नाही. ही माझी जुनी खोड. अंगातली कणकण असो की ऑफिसातली कटकट, आधी दाबून बघायची. दुसऱ्या दिवशी त्याच्याच बाजूला वीतभर अंतरावर दुसरं बीळ होतं आणि तोंडाशी चाळलेल्या रव्यासारखी वाळूची रास.

इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत, एका व्हिलाचा खालचा भाग आम्ही भाड्याने घेतला आहे. वर इजिप्शियन कुटुंब, खाली मी, बायको आणि मुलगी. आमच्या वाट्याचं लॉन म्हणजे पंचवीस-तीस बायका मांडी घालून बसल्या की संपेल एवढंच. पण या वाळूत ते उगवायला बाहेरून माती आणावी लागते, गवताच्या गुंडाळ्या आणून सतरंजीसारख्या अंथराव्या लागतात, आणि दोन्ही वेळा पाणी दिलं नाही तर चार दिवसांत त्याचा काथ्या होतो. मुलगी त्या गवतावर रांगली, पडली, सायकल शिकली. लग्न ठरल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. निकाह गावी, रत्नागिरीकडे, तुमच्या मनासारखा करा, पण मेहंदी इथे, आपल्या लॉनवर.

"नो हॉल, अब्बा. प्लीज. आय वॉन्ट इट हिअर."

जानेवारीतला दिवस ठरला. उन्हाळ्याने गवत पार पिवळं पडलं होतं. ते मी हिरवं करून दाखवायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

आमच्या गावात नारळाच्या आळ्यात माशांची डोकी, आतडी, खवले पुरतात. माझे वडील पुरायचे, त्यांचे वडील पुरायचे. झाडं अशी तरारतात की बघत राहावं. मी दर शुक्रवारी बंदरावरच्या मासळीबाजारात जातो. तिथे मासे साफ करून मिळतात आणि घाण तिथेच टाकून लोक निघून जातात. मी ती पिशवीत भरून आणायला लागलो. हामूरची डोकी, सुरमईची आतडी, जे मिळेल ते. जुम्म्याची नमाज, जेवण, मग घर झोपलं की खुरपं घेऊन लॉनच्या कडेकडेने हातभर खोल पुरायचं. बायकोला सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि मला नको ऐकायचं नव्हतं. एवढं साधं कारण.

गवत हिरवं झालं, अगदी गर्द. बायको चहाचा कप घेऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "यंदा नजर लागेल हो आपल्या लॉनला." मी आतून खूश होतो.

मग बिळं आली.

मुलीने मोबाइल काढला. "इट्स अ मोल, अब्बा. सगळे हेच म्हणतायत." सगळे म्हणजे अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले लोक, ज्यांच्या बागा ओल्या मातीच्या असतात. आमच्या वाळवंटात मोल नावाचा, जमीन पोखरणारा प्राणी असतो की नाही, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मला तर गावची घूस आठवत होती. पण उपाय मोलचे सापडले, म्हणून उपाय मोलचे केले.

पहिला उपाय एरंडेल. इंडियन ग्रोसरीतून बाटल्या आणल्या, भांडी घासायच्या साबणात फेटल्या, झारीने सगळ्या लॉनवर शिंपडल्या. बिळं थांबली नाहीत, मी मात्र सकाळी पाणी द्यायला उतरलो तो घसरून थेट बसलोच. बायको दारातून म्हणाली, "आता पोट साफ होणार लॉनचं." मग डांबरगोळ्या आल्या. प्रत्येक बिळात दोन-दोन. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या बिळाबाहेर मांडून ठेवलेल्या, जणू कुणी नको असलेली भेट परत केली. मग पाणी. नळी बिळात घातली, नळ पूर्ण सोडला आणि वाट बघत उभा राहिलो. कुठूनही काही बाहेर आलं नाही. लॉनचा एक कोपरा मात्र चहात बुडवलेल्या पावासारखा खाली बसला.

शेवटी उन्हावर चालणाऱ्या काठ्या मागवल्या. जमिनीत रोवायच्या, त्या थोड्या थोड्या वेळाने घरघरतात आणि जमिनीखालचं जनावर घाबरून पळतं म्हणे. वरचा इजिप्शियन गॅलरीतून ओरडला, "हबीबी, लॉनमध्ये मोबाइल पुरलायस का? उचल तरी तो!"

मी वर बघून हसलो. खाली बघितलं तर काठीच्या मुळाशीच नवीन बीळ.

माझा तोल त्या दिवसांत सुटत चालला होता. ऑफिसात एक्सेल शीट उघडली की चौकटी बिळांसारख्या दिसायच्या. राग कुठेतरी निघायला हवा होता आणि समोर बायकोची मांजरं होती. रस्त्यावरची तीन मांजरं. ती त्यांना रोज संध्याकाळी मागच्या दारी उरलेला भात आणि दूध ठेवायची. मी म्हटलं, "हे खाणं उघड्यावर पडतं, त्यानेच उंदीर येतात. तुला मेहंदी हवी की मांजरं?"

"मांजरं असली की उंदीर येतात?" ती म्हणाली. "हे कुठलं नवीन शास्त्र?"

"शास्त्र बाजूला ठेव. खाणं बंद कर."

तिने ताटली उचलली. पण मांजरं येतच राहिली, दाराशी बसून राहिली. मग मी एका पिकअपवाल्याला गाठलं. त्याने ती पिंजऱ्यात घातली आणि नेली. बायकोला मी सांगितलं, मासळीबाजाराकडे सोडतील, तिथे खायला भरपूर आहे. पिकअपवाल्याने कुठे सोडली, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

मांजरं गेल्यावर बिळं दुपटीने वाढली. आता बिळांतली जनावरं दिवसाही दिसायची: बदामी रंगाचे, लांब शेपटीचे, धीट उंदीर. एकाने माझ्याकडे बघत गवताची काडी सावकाश चावून खाल्ली.

एका सकाळी एक बीळ आत ढासळलं होतं. मी बुजवायला हात घातला आणि हाताला टोचलं. बाहेर काढलं तर हामूरचा जबडा. मांस अगदी साफ केलेला, पांढरा. शेजारच्या बिळातही काटे होते. मी ऑक्टोबरपासून ज्या कडेने पुरत आलो होतो, बरोबर त्याच कडेने बिळांची रांग होती. मी तो जबडा खिशात घातला. हात धुतला. ऑफिसला गेलो.

त्याच संध्याकाळी पेस्ट कंट्रोलवाल्यांचा सुपरवायझर आला. त्याने बिळं बघितली आणि मान हलवली. "साहब, मोल-वोल यहाँ नहीं होता. ये रेगिस्तान के चूहे हैं. लेकिन इतने? इनको खाना कहाँ से मिल रहा है?"

बायको आणि मुलगी दोघी माझ्या बाजूला उभ्या होत्या. मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "बिल्लियों को खाना डालते थे."

बायकोने मान खाली घातली. ते मला अजून दिसतं. तिने पदर सारखा केला आणि ती आत गेली. सुपरवायझरने विषाच्या पेट्या लावल्या, कडेकडेने काळे डबे. "महिनाभर बच्चों को दूर रखना," तो म्हणाला. मेहंदीला तर महिनाही उरला नव्हता, आणि येणाऱ्यांत अर्धी लहान मुलं होती. त्यानंतर मंडपवाला माप घ्यायला आला. दोन पावलं टाकली आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. खाली सगळं पोकळ होतं. "सर, इधर खंबा नहीं लगेगा," त्याने सांगितलं.

खलास.

रात्रीचं जेवण झाल्यावर बायको मुलीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी हॉलमध्ये टीव्हीसमोर होतो, आवाज बंद.

"बेटा, माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली. "मी मांजरांना घालत होते. तुझी एवढी एकच हौस होती. मला माफ कर."

"मम्मी, इट्स ओके. रिअली. आपण आत करू."

"नाही गं, ओके कसलं. तुझे अब्बा सांगत होते, मी ऐकलं नाही."

मी उठलो. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मी आधी बोललो आणि मग विचार केला. "तिच्यामुळे नाही," मी म्हणालो. "मी मासे पुरले."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मुलीला कळलंच नाही. "मासे?"

मी सगळं सांगितलं. खुरपं, शुक्रवार, जबडा, सुपरवायझरला दिलेलं उत्तर. बोलताना माझा आवाज ऑफिसात रिपोर्ट वाचतो तसा येत होता, त्याचीच मला लाज वाटली.

बायको म्हणाली, "म्हणजे त्या माणसासमोर मी मान खाली घातली, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मांजरं?"

"ती कुठे सोडली, मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं."

ती दार लोटून आत गेली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, असं मी इथे लिहितो आणि लिहितानाच कळतं की हा विचारही माझ्याच सोयीचा आहे.

पिकअपवाल्याला मी फोन केला. तो म्हणाला, मुसफ्फाच्या कारखान्यांकडे कुठेतरी, आता काय लक्षात. मी तिथे दोन संध्याकाळी गॅरेजांच्या मागून फिरलो. मांजरं पुष्कळ दिसली. आमचं एकही नव्हतं.

मेहंदी घरातच झाली, आमच्या हॉलमधले सोफे बाहेर काढून. येणारी प्रत्येक बाई पडद्यातून बाहेर बघायची आणि विचारायची, "अगं, लॉनवर होती ना?" बायको माझ्याकडे बोट दाखवायची. "यांना विचारा." मग मी सांगायचो. शारजातल्या अल मजाजहून आलेल्या होणाऱ्या विहीणबाईंना सांगितलं, त्या सौजन्याने म्हणाल्या, "आमच्याकडे तर कुंड्याच आहेत, बरं आहे." मुलीच्या मैत्रिणींना इंग्रजीत सांगितलं. वरच्या इजिप्शियनच्या बायकोला हातवारे करून सांगितलं, मासा, माती, उंदीर. ती हसून हसून डोळे पुसायला लागली. गावाहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने कपाळावर हात मारला. "अरे, ते नारळाला घालतात! गवताला कुणी घातलंय कधी?"

"चुकलं, आपा."

"चुकलं ते चुकलं. पण त्या पोरीवर ढकललंस?" तिने बायकोकडे मान वळवली. ते खरंच होतं.

मुलीचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेहंदीने भरलेले. तिला भरवायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मी ताट घेऊन तिच्यासमोर बसलो. दोन घास तिने खाल्ले. मग हळूच विचारलं, "व्हाय डिडन्ट यू जस्ट टेल हर, अब्बा?"

"मला वाटलं, आधी मेहंदी पार पडू दे."

"दॅट्स नॉट अ रीझन."

"नाही," मी म्हणालो. "नाहीच आहे."

मी तिसरा घास पुढे केला. तिने तोंड बाजूला केलं, रागाने नाही. "मम्मीला द्या. तिने सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

मी किचनमध्ये गेलो. बायको शरबताचे ग्लास भरत होती. मी ताट पुढे धरलं. तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"ठेवा तिथे," ती म्हणाली. "आणि हे ग्लास बाहेर न्या. कुणी विचारलं तर सांगा."