निवडून काढलेले दाणे

माझी मोठी जाऊ देवगाव रंगारीला शेती करायची आणि मी शहरात, गारखेड्यात, तिच्या पिशव्यांवर संसार करायचे. खोटं कशाला बोलू? नवरा वाळूजला कंपनीत, पगार बरा. तरी दाणे, मका, मिरची, डाळ सगळं तिच्याकडूनच यायचं. मी तिला आक्का म्हणायचे. तोंडावर आक्का, आणि पाठीमागं काय काय म्हणायचे ते जाऊ द्या.

एका वर्षी उपटून टाकलेला भुईमूग शेतातच भिजला. त्यांनी वाळवला, पण आतली ओल काही गेली नाही. आमच्याकडं आलेल्या दाण्यांना कुबट वास होता, काहींवर हिरवट बुरशी. लेकीला खिचडीत कडू दाणा लागला, तिनं ताटच सरकवलं. माझं डोकं फिरलं. संक्रांतीला गावी गेले तेव्हा नणंदांच्या देखत मी आक्काला म्हणाले, "जनावरांपुढं टाकायचं ते आमच्याकडं पाठवता का?" ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली. चांगली जिरवली, असं मला वाटलं. लई बरं वाटलं होतं त्या दिवशी.

त्यानंतर दरवर्षी आलेला दाणा न् दाणा टपोरा. एकही काळा नाही, एकही सुरकुतलेला नाही. मी शेजारणींना ऐकवायचे, बघा, एकदा तोंड उघडलं की माणसं कशी सरळ येतात.

मागच्या वर्षी आक्काचं पोट दुखायला लागलं, अंगावरची साडी ढगळ दिसायला लागली, डोळे पिवळे झाले. दीर तिला आमच्याकडं घेऊन आले. तपासण्या झाल्या. यकृतात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. बुरशी लागलेले दाणे, मका असं काही पोटात जातं का, म्हणाले. आक्का सहज सांगायला लागली. दाणे सुपात घेऊन निवडायचे, चांगले शहरात पाठवायचे, काळे-हिरवे बाजूला काढायचे. घरात दुसऱ्या कुणाला ते द्यायचे नाहीत, कडू लागतात. टाकवत तर नाहीत. मग तीच ते भाजून चटणी करायची, लसूण सढळ घातला की कडूपणा कळत नाही. मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होते.

डॉक्टर म्हणाले, बुरशीचं विष भाजून किंवा धुऊन जात नाही, थोडं थोडं करून वर्षानुवर्षं यकृतात काम करत राहतं. पण तरुणपणी हिला कावीळ झाली होती, त्यामुळं ही गाठ नेमकी कशानं झाली हे छातीठोक सांगता येणार नाही. मी त्या शेवटच्या वाक्याला किती दिवस धरून बसले होते, माझं मला माहीत. रात्री कूस बदलली की ते वाक्य सुटायचं आणि सूप घेऊन बसलेली आक्का दिसायची.

दीर औषधं आणायला गेले आणि बाहेर बाकावर आम्ही दोघीच राहिलो. आता सांगून टाकावं, पाय धरावेत, असं मनात आलं. तेवढ्यात तिनंच माझं मनगट घट्ट धरलं. घाबरली होती. मला वाटलं, स्वतःसाठी.

"तुझ्या लेकरांच्या पोटात तर नाय ना गेलं त्यातलं?"

मी म्हणाले, नाही आक्का, तुम्ही सगळं निवडून पाठवत होता.

तिनं मोठा श्वास सोडला. हात मोकळा केला, पदर सारखा केला. म्हणाली, "मग लई बरं झालं तवा तू बोललीस. नाय तर मी तसंच पाठवत राह्यले असते."

मी मान हलवली. दोन महिन्यांनी ती गेली, आणि तोवर रोज तिच्या उशाशी बसूनही माझ्या तोंडून माफीचा एक शब्द निघाला नाही.