बोलणं बंद होतं तो महिना

पंधरा वर्षं मी मोटारसायकलवर गावोगाव फिरून सुवार्ता सांगतो. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात आमची छोटी मंडळी आहे. रविवारची उपासना तिथे, बाकीचे दिवस खेड्यांत. दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, माझा आवाज बसला. वाशिमच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि महिनाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावलं.

घरी बसवेना. खिशात वही-पेन टाकलं आणि बुधवारी नेहमीसारखा रिठदला गेलो.

तिथे एक विधवा मावशी राहतात. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकटीचंच. दर बुधवारी मी शास्त्रातला भाग वाचायचो, त्यांच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करायचो आणि चहा पिऊन निघायचो. त्या दिवशी वहीत लिहून दाखवलं, "बोलता येत नाही. नुसता बसतो."

"बसा नं," मावशी म्हणाल्या. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मीही सोलू लागलो.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, माये गुडघे काई इतके दुखत नाई. प्रार्थना करता तं पोरीसाठी करा."

मुलगी जऊळक्याला दिली आहे, एवढंच मला ठाऊक होतं. काय झालं, असं मी लिहून विचारलं.

"आठ वर्सं झाले, तिचं तोंड पाह्यलं नाई. बौद्ध घरातल्या पोराशी लगन केलं तिनं. पोरगा चांगला हाय. मले बलावलं होतं, मी गेली नाई."

मी लिहिलं, "का?"

त्यांनी चार-पाच शेंगा आणखी सोलल्या. "तुमीच सांगतलं होतं उपदेशात. विश्वासाबाहेरच्या लग्नात आपण उभं राहू नये म्हणून."

मला तो उपदेश आठवतही नव्हता. आवाज असता तर मी लगेच एखादं वचन काढलं असतं, काहीतरी समजावलं असतं. आता हातात फक्त पेन होतं. मी लिहिलं, "मी चुकलो." मग खाली, "चला, जऊळक्याला जाऊ."

"तिनं दार लावून घेतलं तं?"

मी मोटारसायकलची किल्ली काढली. मावशींनी लुगडं बदललं, सोललेले दाणे फडक्यात बांधले आणि माझ्यामागे बसल्या. मालेगावात थांबून त्यांनी नातवासाठी बिस्किटं घेतली. नातू त्यांनी पाहिलेला नव्हता.

मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. आईला पाहून ती जागीच थांबली. लग्नाआधी ती आईबरोबर उपासनेला यायची; मग मी दिसलो आणि तिचा चेहरा उतरला.

"यायले काहून आणलं?"

मी वही पुढे केली. वाटेत थांबून लिहून ठेवलं होतं: "आई लग्नाला आली नाही, ती माझ्या सांगण्यामुळे. मला माफ करा."

तिने ते दोनदा वाचलं. वही परत दिली, आईचा हात धरला आणि तिला सांभाळून पायरी चढवून आत नेलं.

मी फाटकाशीच उभा राहिलो. थोड्या वेळाने जावई खुर्ची आणि पाणी घेऊन बाहेर आले. "बसा," म्हणाले. आतून दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता, मधेच लहान मुलाचं हसणं.

मावशी तिथे पंधरा दिवस राहिल्या.

आवाज परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी मंडळीसमोर कबूल केलं, की विश्वासाबाहेरच्या लग्नाबद्दल मी सांगितलं ते चूक होतं. दोन जण उठून गेले. एक परत आले, दुसरे अजून आलेले नाहीत. मुलगी माझ्याशी अजून मोजकंच बोलते.