चालकाशी बोलू नये

किशनराव हे वसमत–आखाडा बाळापूर एसटीचे चालक. त्यांच्या लग्नाला जितकी वर्षं झाली, साधारण तितकीच वर्षं ते स्टिअरिंगमागे होते, आणि दोन्ही ठिकाणी ते कमी बोलत. गाडीत तर बोलतच नसत, कारण डोक्यावर पाटीच होती: चालकाशी बोलू नये. ही पाटी प्रवाशांसाठी आहे, चालकासाठी नाही, असं एकदा कुणीतरी त्यांना सांगून पाहिलं. किशनरावांनी उत्तर दिलं नाही. ते गाडी चालवत होते.

मालनबाई बाळापूरला माहेरी जात त्या नवऱ्याच्याच गाडीनं, रीतसर तिकीट काढून, जाळीमागच्या बाकावर. तिथून नवऱ्याची मान आणि मानेवरचा रुमाल दिसे. "माझ्या नवऱ्याला मी निम्मी जिंदगी पाठीमागून पाह्यलं," असं त्या सांगत. यात तक्रार कुठे संपते आणि कौतुक कुठे सुरू होतं, ते ऐकणाऱ्याला कळत नसे.

शहात्तर सालच्या हिवाळ्यात चौघांनी लुंबिनीला जायचं ठरवलं: किशनराव, मालनबाई, किशनरावांच्या गाडीवरचे कायमचे कंडक्टर सोनाजी आणि सोनाजींची बायको पंचफुला. भगवान बुद्ध जन्मले ती जागा डोळ्यांनी बघायची, हे तर होतंच. पण मालनबाईंची एक जादा अट होती.

"नेपाळात शिरताना मोटार किरायानं घ्यायची. चालवायची तुमी. अन् मी पुढं, तुमच्या बाजूला बसणार. बोलत बोलत जायचं."

"बघू," किशनराव म्हणाले.

त्यांनी बघायला सुरुवात केली ती परभणीच्या आरटीओ कचेरीपासून. बसच्या परवान्यावर परदेशात मोटार चालवली आणि कुणी हटकलं तर? उभ्या नोकरीत एक दंड नाही की एक ओरखडा नाही. म्हणून त्यांनी लहान गाडीची वेगळी परीक्षा दिली. बसवाला माणूस मोटारीत बसला की पंगतीला मांडी घातल्यासारखा खाली जातो. शिवाय आपल्यामागे अजून सगळी बस आहे या हिशोबानं किशनराव इतकं रुंद वळण घेत, की परीक्षा घेणारे साहेब दार धरून बसले होते. उतरल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं आणि मग पास केलं.

सरहद्दीच्या अलीकडे गोपीचंद नावाचा गृहस्थ मोटारी भाड्यानं देई. गाडीबरोबर ड्रायव्हरही माझाच, असा त्याचा आग्रह. किशनरावांनी परवाना पुढे केला आणि गाडी तपासायला घेतली. ब्रेक, हॉर्न, दिवे, स्टेपनी, जॅक. गाडीखाली वाकून झालं, चाकांवर लाथा मारून झाल्या. शेवटी आत बसून ते काचेच्या वरची जागा बराच वेळ न्याहाळत राहिले.

"अरे भाई, गाड़ी ले जा रहे हो या बहू पसंद कर रहे हो?" गोपीचंद वैतागला.

"उधर गाड़ी किस बाजू से चलती है?"

"बाएँ से. जैसे यहाँ."

हाच प्रश्न किशनरावांनी चहावाल्याला आणि मग नाक्यावरच्या कारकुनालाही विचारला. तिघांचं उत्तर जुळल्यावर त्यांनी मालकाची चिठ्ठी, गाडीचे कागद आणि चार माणसांची एका दिवसाची परवानगी खिशात घालून बटण लावलं.

मालनबाई पुढे बसल्या. मागे सोनाजी आणि पंचफुला. किशनरावांनी इंजिन सुरू केलं. गाडी जागची हलेना.

"काय झालं हो?" मालनबाई.

किशनराव समोर बघत वाट बघत होते. सोनाजींना कळलं. "आपुन बेल न्हाई देणार," ते म्हणाले. "मी रजेवर हाय."

मालनबाईंनी पिशवीतून जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं आणि चमच्यानं दोनदा वाजवलं. डबल बेल मिळाली, तशी गाडी निघाली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. "आवो, बघा की! हळद वाळत घातल्यावानी दिसून राह्यलं." किशनरावांनी गिअर बदलला. "बोला ना!" किशनरावांनी मान हलवली. तेवढीच.

मग रस्त्याकडेला एका म्हातारीनं हात केला. हात केला की गाडी थांबायची, यात किशनरावांचा पाय डोक्याला विचारत नसे. गाडी थांबली. रजेवरच्या सोनाजींनी दार उघडून "चला, चला, आत सरका!" म्हटलंसुद्धा. म्हातारीसोबत सून होती आणि मुळ्यांची भली मोठी पाटी.

"म्हातारं माणूस हाय, पुढं बसू दे," किशनराव म्हणाले. गाडी उभी होती, म्हणून बोलले.

मालनबाई पाटीसकट मागे गेल्या. पुन्हा तीच मान, तोच रुमाल. "म्या नेपाळात येऊन काय मिळवलं गं?" त्या पंचफुलाला म्हणाल्या.

"मुळे," पंचफुला म्हणाली.

पुढच्या चौकीवर पोलिसानं कागद पाहिला आणि डोकी मोजली. "परमिट चार का है. सवारी ढो रहे हो?" त्याची नजर सोनाजींच्या हातातल्या मुळ्यावर गेली. "ये किराया लिया?"

"नहीं साहब," सोनाजी म्हणाले. "नाश्ता."

किशनरावांचा चेहरा उतरला. म्हातारीनं मात्र तिच्या भाषेत पोलिसाला असं काही झापलं की तो दोन पावलं मागे सरला. तिचं घर चौकीसमोरच होतं. ती पाटी सुनेच्या डोक्यावर देऊन चालती झाली. "फिर किसी को मत बिठाना. कायदा है," एवढं बजावून पोलिसानं कागद परत दिला.

अशा रीतीनं मालनबाईंना त्यांची जागा कायद्यानं परत मिळाली. टण् टण्.

थोडं पुढे गेल्यावर एका माणसानं हात केला. किशनरावांचा पाय ब्रेककडे गेला आणि मोठ्या कष्टानं परत आला. गाडी थांबली नाही. आरशात तो हात बराच वेळ वरच होता.

"मालन," किशनराव म्हणाले, "त्याला काय वाटलं असंल गं?"

गाडी चालू होती. मागे पंचफुलानं सोनाजींचं मनगट धरलं.

"वाटंल काय, दुसरी गाडी येईल त्याला," मालनबाई हलकेच म्हणाल्या.

"तसं न्हाई. आपल्या फाट्यावर भर उन्हात मान्सं उभी ऱ्हातात..." आणि किशनराव जे सुरू झाले ते थांबेनात. फाटे, थांबे, चिखलात रुतलेलं चाक, एसटीतच जन्मलेलं एक लेकरू. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं डाव्या बाजूनं, बेताच्या वेगानं बाहेर पडत होतं.

"अन् तू म्हनतीस पाठीमागून पाह्यलं. मी तर तुला समोरूनच बघत आलो."

"कसं काय?"

"आरसा काहून असतो?"

मालनबाईंनी पदर सारखा केला. लुंबिनीची झाडं दिसू लागली होती. "समोर बघा," त्या म्हणाल्या. "चालकानं बोलू न्हाई, पाटी वाचली न्हाई का कधी?"

"या गाडीत पाटी न्हाई," किशनराव म्हणाले. "गाडी घेतानाच बघितलंय."